जुहूच्या किनाऱ्यावरील रंगीत घरे

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या समाजातील कुटुंबे हल्ली काश्मीर, दुबई, सिंगापूर येथे निघतात. परतल्यावर त्यांची प्रवासवर्णने याच अंकात वाचावयास मिळतात, आणि ती मी आवडीने वाचतो. आमच्या लहानपणी मात्र सुटीचा प्रवास फार आखूड असे. घाटकोपरला गाडीत बसायचे, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरायची, पार्ल्याला उतरायचे आणि पुढे बसने जुहू. सोबत वळकट्या, पितळी डबे आणि खाकऱ्यांचे दोन पत्र्याचे डबे. वडील यास 'हवापालट' म्हणत. एवढ्याशा अंतरात हवा ती काय पालटणार, असा प्रश्न तेव्हा कोणाच्याही मनात येत नसे, कारण ती खरोखरच पालटत असे.

आता घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो आहे. ८ जून २०१४ पासून ती धावते, सव्वाअकरा किलोमीटरहून थोडे अधिक अंतर बावीस-तेवीस मिनिटांत कापते. गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी मी तिनेच डी. एन. नगरला उतरलो आणि रिक्षाने जुहूला गेलो. सोबत माझी नात होती. ती वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला सुटीत एखाद्या जुन्या इमारतीची मापे घेऊन तिचे आराखडे काढावयाचे होते, आणि तिने जुहूतील आमची इमारत निवडली होती. इमारतीचे नाव माझ्या आजीचे आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही.

माझ्या जाण्याचे कारण मात्र निराळे होते, आणि ते मी तिला सांगितले नव्हते. इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला होता. एकंदर बारा सभासद. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्क्यांची संमती पुरते, म्हणजे आमच्या बाबतीत सात सह्या. सहा झाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरील आमचे घर माझ्या नावावर आहे, पण तेथे माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, राहतात. पुढच्या रविवारी सभा होती. कागद माझ्या पिशवीत होता.

जुहू हे एके काळी बेट होते, हे आज तेथील गर्दी पाहून कोणास खरे वाटणार नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम हातभर वर आलेली वाळूची लांबट पट्टी. साष्टीच्या किनाऱ्यापासून ती एका खाडीने तुटलेली होती, आणि ओहोटीच्या वेळी लोक चालत पलीकडे जात. उत्तरेस भंडारी, आगरी आणि कुणबी यांचे गाव, दक्षिणेस कोळीवाडा, मध्ये माडांची रांग. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी येथे जमीन घेऊन बंगला बांधला. त्यांच्या मनात मोठी योजना होती. जुहू ताऱ्याच्या बाजूस बाराशे एकर जमीन विकसित करून तिचे एकेक एकराचे पाचशे भूखंड पाडावयाचे, समुद्रकाठी विश्रामनगर उभारावयाचे आणि तेथे पोहोचण्यासाठी माहीमचा बांध सांताक्रुझपर्यंत वाढवावयाचा. १९०४ मध्ये ते निवर्तले आणि योजना तेथेच थांबली. ती पुरी झाली असती तर आपल्याकडेही एखादे आखीवरेखीव सागरनगर झाले असते. झाले ते निराळेच. ज्याला जशी जमीन मिळाली तसे त्याने बांधले. कोणी झापांच्या झोपड्या उभारून शनिवार-रविवार काढले, कोणी बंगले बांधले.

या बंगल्यांपैकी एक आपल्या वाचकांना ऐकून माहीत असेल. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नरोत्तम मोरारजी यांचा जुहूचा बंगला. १९२४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर, पुण्याच्या ससून रुग्णालयातील शस्त्रक्रियेनंतर, महात्मा गांधी विश्रांतीसाठी येथेच येऊन राहिले. पुढे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर पुन्हा जुहूलाच आले, तेव्हा नरोत्तमभाईंचे चिरंजीव शांतिकुमार यजमान होते. याच सिंदिया कंपनीच्या स्थापनेत नरोत्तम मोरारजींच्या खांद्याला खांदा लावून उभे होते आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या आगबोटीची आठवण पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

१९२८ मध्ये जुहूला विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे येथेच उतरले. समुद्र, माड आणि विमान या तिन्हींच्या शेजारी जी घरे १९३० ते १९५५ च्या सुमारास उठली, त्यांच्या अंगावर या तिन्हींची छाया आहे. मी ज्या घरांविषयी लिहितो आहे ती ही.

या शैलीस आज 'आर्ट डेको' म्हणतात. १९२५ मध्ये पॅरिसला शोभेच्या आणि औद्योगिक कलांचे मोठे प्रदर्शन भरले, त्याच्या नावावरून हा शब्द आला, पण तो रूढ झाला १९६० च्या दशकात. माझ्या आजोबांच्या तोंडी हा शब्द कधीच नव्हता. ते 'नव्या फॅशनचे घर' म्हणत. नवी फॅशन म्हणजे काय, तर लोखंडी सळ्यांचे काँक्रीट. दगड-विटांच्या जाड भिंतींनी घरे बांधली जात तोवर कोपऱ्यात खिडकी काढणे अशक्य होते, कारण कोपराच भार उचलत असे. काँक्रीटचा सांगाडा आला आणि भिंत मोकळी झाली. मग कोपऱ्यावर खिडक्या वळल्या, गच्च्या गोल झाल्या, खालून कोणताही टेकू नसलेले पातळ छज्जे भिंतीतून बाहेर आले. जिन्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत काचेची उभी पट्टी आली. आणि आगबोटीचे वेड तर सर्वत्र. कठड्याला डेकवर असतात तशा तीन आडव्या नळ्या, भिंतीत गोल खिडकी, गच्चीवर कप्तानाच्या खोलीसारखी टाकीची खोली. ज्या काळात आपल्या व्यापाऱ्यांनी परदेशी कंपन्यांशी झुंजून स्वतःची जहाजे समुद्रात घातली, त्या काळात त्यांनी घरेही जहाजांसारखी बांधावीत, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. पॅरिस-न्यूयॉर्कच्या आरेखकांना 'लॉयल्टी' ठाऊक नसेल. माझ्या आजोबांना होती.

या शैलीचे मुंबईतील वैभव पाहावयाचे तर अर्थातच ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह येथे जावे. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने तेथील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदविला. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यानंतर शहराला मिळालेला हा तिसरा मान. इरॉस आणि रीगल ही चित्रपटगृहे सर्वांना माहीत आहेत. पण मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरील 'सुना महल' ही १९३७ सालची इमारत एकदा सावकाश पाहावी. पिवळ्या अंगावर तांबूस आडव्या पट्ट्या आणि माथ्यावर मनोरा. तिचे वास्तुरचनाकार गजानन बाबूराव म्हात्रे, म्हणजे आपले मराठी गृहस्थ. ओव्हलसमोरील 'एम्प्रेस कोर्ट' हीसुद्धा त्यांचीच. त्यांच्या कामाविषयी कमू अय्यर यांनी पुस्तक लिहिले आहे. नातीने ते मला दाखविले तेव्हा मी मनाशी खजील झालो. पन्नास वर्षे मी त्या रस्त्याने तगादे करीत हिंडलो, पण मान वर करून कधी पाहिले नव्हते.

जुहूच्या घरांना असा मान नाही. ती एका रांगेत नाहीत, एका हाताची नाहीत, आणि बहुतेकांचे रचनाकार कोण हे दारावर लिहिलेले नाही. मरीन ड्राइव्ह हे लग्नाच्या पंगतीसारखे, सगळे एका ओळीत, नीट पोशाख करून बसलेले. जुहू म्हणजे सुटीला आलेले पाहुणे, कोणी गच्चीत तर कोणी अंगणात. पण त्यांचा रंग पाहावा! रस्त्याने जाताना एका फाटकाआड फिकट गुलाबी बंगला दिसला. त्याच्या सज्जाला सागराच्या लाटांसारखी पांढरी नक्षी. पुढे एका वळणावर आकाशी रंगाची दुमजली इमारत, मधोमध उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी, किरण पिवळे रंगविलेले. आणखी पुढे लिंबू रंगाच्या घराच्या कपाळावर सिमेंटमध्ये कोरलेले कमळ. फ्रान्समधून निघालेली फॅशन सांताक्रुझ-पार्ल्याच्या गवंड्याच्या हाती आली आणि तिने कमळ धारण केले.

हे सांगताना माझ्या धंद्याचा उल्लेख करणे भाग आहे. आमचे रंगांचे दुकान आहे. आजोबांनी घाटकोपरला सुरू केले तेव्हा ते पोत्यांचे दुकान होते. चुना, पिवडी, गेरू, नीळ, सरस. भिंत रंगवावयाची म्हणजे भिजविलेल्या चुन्यात यांपैकी काहीतरी कालवावयाचे. पुढे सिमेंटचे रंग आले, 'स्नोसेम' हा शब्द तर सर्वच सिमेंटरंगांचे नाव होऊन बसला. मग तेलरंग, डिस्टेंपर, अॅक्रिलिक. आता दुकानात संगणकाचे यंत्र आहे. गिऱ्हाईक पत्रक दाखवते, मुलगा आकडा दाबतो, डब्यात रंगाच्या धारा पडतात आणि यंत्र डबा हलवून देते. शेकडो छटा. तरीही बहुतेक इमारती राखाडी आणि बदामी याच दोन रंगांत रंगतात. असे का, हे मी चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून पाहतो आहे. समितीत बारा माणसे असली की ज्या रंगावर कोणाचाच आक्षेप नसतो तोच रंग पास होतो, आणि तो कोणाच्याच आवडीचा नसतो.

अमेरिकेतील मायामी बीच हे या रंगीत सागरनगरांचे माहेर समजले जाते. गुलाबी, पुदिना, मोतिया असे रंग लावलेल्या हॉटेलांच्या रांगांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. तेथील गोष्ट मला नातीने सांगितली आणि ती रंगवाल्याला आवडावी अशीच आहे. १९३० च्या दशकात ती हॉटेले बांधली गेली तेव्हा बहुतेक पांढरी होती, फक्त कडांना रंगाची रेघ. सत्तरच्या दशकात ती मोडकळीस आली आणि पाडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा बार्बरा कॅपिटमन नावाच्या बाईंनी १९७६ मध्ये एक संस्था काढून लढा दिला, आणि १९७९ मध्ये तो सारा भाग राष्ट्रीय वारसा सूचीत नोंदला गेला. त्यांचे सहकारी लेनर्ड होरोविट्झ यांनी या घरांना फिक्या रंगांची ती प्रसिद्ध वस्त्रे चढविली. म्हणजे जो रंग पाहावयास जग आज तेथे जाते, तो मूळचा नव्हेच. तो त्या घरांना वाचविण्यासाठी लावला गेला.

"मग आपल्या घराचा मूळ रंग कोणता, आजोबा?" नातीने विचारले.

मी छातीठोकपणे सांगितले, "मोतिया. मी डोळ्यांनी पाहिला आहे."

इमारत १९५३ सालची. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. आजोबा आणि त्यांचे तीन व्यापारी स्नेही यांनी मिळून बांधलेली. रस्त्याच्या कोपऱ्यावर असल्यामुळे तिचा दर्शनी भाग आगबोटीच्या नाळेसारखा गोल आहे. प्रत्येक मजल्याच्या खिडक्यांवरून छज्जाची एक अखंड पट्टी फिरते, पापणीसारखी. प्रवेशद्वारावर मोझॅकचे तोरण. जिन्यात हिरव्या-काळ्या ठिपक्यांची लादी, जी सत्तर वर्षांनीही पायाला गार लागते. नाव काँक्रीटच्या उठावदार अक्षरांत आहे, आणि त्या अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, म्हणून देवनागरी असूनही ती इंग्रजीसारखी दिसतात. आजीला ते आवडले नव्हते म्हणे. तिला आपल्या नावाच्या डोक्यावरचा पदर काढून घेतल्यासारखे वाटले.

नातीने दप्तरातून एक पातळ पाते काढले आणि जिन्याच्या बाहेरच्या भिंतीचा, कोणाच्या नजरेत न येणारा, तळहाताएवढा भाग हळूहळू खरवडावयास घेतला. प्रथम सध्याचा राखाडी. त्याखाली बदामी. त्याखाली गडद निळा. हा पाहून मला हसू आले, कारण तो मला ओळखीचा होता. १९८० च्या सुमारास एका कारखान्याने परत न घेतलेला माल वडिलांच्या दुकानात पडून होता. जो रंग दुकानात उरे तो इमारतीला लागे. त्याखाली गुलाबी. वहिनी वरून खिडकीतून पाहत होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी लग्न होऊन आले तेव्हा हाच होता. मला वाटलं होतं, नव्या सुनेसाठीच लावलाय." गुलाबीखाली मोतिया आला आणि मी विजयी मुद्रेने नातीकडे पाहिले. ती थांबली नाही. मोतियाच्या खाली पिस्ता रंग निघाला.

तो रंग नव्हता, गिलावाच होता. पांढऱ्या सिमेंटमध्ये हिरवी भुकटी कालवून केलेला शेवटचा हात, पात्याने आणखी खोल गेले तरी हिरवाच. चुना आणि सिमेंट यांच्या खारात फार थोडे रंग टिकतात. पिवडी, गेरू टिकतात. प्रशियन निळा जळून जातो, वनस्पतीजन्य हिरवा तर काही महिन्यांत पांढरट होतो. जो टिकतो तो क्रोमचा हिरवा, क्रोमियम ऑक्साइड, आणि तो स्वस्त नसतो. आजोबांसारख्या पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने बारा बिऱ्हाडांच्या साऱ्या इमारतीला तो मिसळला होता. माझ्या जन्मापूर्वीच कोणीतरी त्यावर मोतिया चढविला असावा. मी अडुसष्ट वर्षे या घराला ओळखतो असे समजत होतो.

नात आनंदाने वेडी झाली होती. ती फोटो काढीत होती, छटांच्या पट्ट्या भिंतीला लावून पाहत होती. आणि मी छज्जाच्या खालच्या बाजूकडे पाहत होतो.

तेथे काँक्रीटचा पापुद्रा सुटला होता आणि आतून तांबडी सळी दिसत होती. समुद्राची खारी हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरते. सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, आणि तो बाहेरचे काँक्रीट फोडून टाकतो. त्या काळच्या पातळ, डौलदार छज्जांत सळीवर झाकण जेमतेम बोटभर, म्हणून जे अधिक सुंदर ते आधी फुटते. आमच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली. अहवालात 'मोठी दुरुस्ती आवश्यक' असे होते. मायामीच्याच शेजारी सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी समुद्रकाठची काँक्रीटची मोठी इमारत मध्यरात्री कोसळून ९८ माणसे गेली. ती तर जेमतेम चाळीस वर्षांची होती. त्यानंतर तेथील तपासणीचे कायदे कडक झाले. सागरकिनारी काँक्रीट हे फुलासारखे जपावे लागते, आणि बारा बिऱ्हाडांच्या समितीकडून फूल जपले जात नाही. वर्गणी वाढविण्याचा ठराव आमच्याकडे तीनदा बारगळला. एकदा तो बारगळविण्यात मीही होतो.

आता वाचक विचारतील, जुहूसारख्या ठिकाणी ही जुनी ठेंगणी घरे इतकी वर्षे टिकली कशी? त्याचे श्रेय कोणाच्या रसिकतेला देऊ नये. विमानतळामुळे उंचीवर मर्यादा होती. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेमुळे भरतीरेषेजवळच्या बांधकामांवर बंधने आली. जागा वाढवून मिळणार नसेल तर जुने पाडून नवे बांधण्यात विकासकाला नफा नव्हता. नफा नव्हता म्हणून कमळे आणि सूर्य शिल्लक राहिले. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने किनारी शहरांतील ही बंधने सैल केली आणि गणित फिरले. आपण व्यापारी माणसे. ही भाषा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

दुपारी वहिनींनी जेवावयास वाढले. वरण, भात, आंब्याचा रस, आणि नातीच्या आवडीच्या कच्च्या केळ्याच्या काचऱ्या. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. जेवण आटोपल्यावर मी पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटले होते, त्या डोळे पुसतील. ज्या घरात त्या सून होऊन आल्या, जेथे बंधूंनी शेवटचा श्वास घेतला, ते पाडण्याचा हा कागद.

त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चौपन्न पायऱ्या आहेत, भाऊजी. मी मोजल्यात. मागच्या पर्युषणापासून मी मंदिरात गेलेले नाही. खाली उतरले तर वर कशी येऊ? तुम्ही सगळे येता, इमारत किती छान आहे म्हणता, आणि संध्याकाळी खाली उतरून जाता."

नात गप्प बसून होती. तिने त्या वेळी प्रथमच तो कागद पाहिला.

मी विचारले, "दुरुस्ती करून बाहेरून लिफ्ट लावता आली तर?" हा प्रश्न समितीला मी पूर्वीही विचारला होता. जिन्याच्या काचेच्या पट्टीसमोर लिफ्टचा खांब उभा करता येतो, जागा आहे, पण दुरुस्ती आणि लिफ्ट मिळून प्रत्येक घराला जो आकडा येतो तो बारापैकी सात जणांना झेपणारा नाही. त्यांपैकी काही जण निवृत्त आहेत, एक विधवा बाई एकट्या आहेत. जुने घर जपावे असे मला वाटते, पण त्याची किंमत शेजारच्या निवृत्तिवेतनातून वसूल करण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. जुहूची चौपाटी तीच, जत्रा अधिक. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेली पावभाजी आता फलक लावून विकतात. आमच्या लहानपणी आईने आणलेल्या डब्याशिवाय काही मिळत नसे, आणि सूर्यास्तापूर्वी तो संपवावा लागे. ती वेळ आम्ही आजही पाळली. वाळूत बसून पाठीमागे पाहिले की काचेची हॉटेले दिसतात. १९६२ साली 'सन-एन-सँड' उभे राहिले तेव्हा पोहण्याचा तलाव असलेले ते हॉटेल पाहण्यासाठी आम्ही मुले कुंपणाशी उभी राहत असू. आता तेच त्या रांगेत जुने झाले आहे. नात माझ्याशी बोलत नव्हती. परतीच्या मेट्रोत तिने कानाला यंत्रे लावली. चकाला स्थानकाजवळ आल्यावर फक्त एवढेच विचारले, "सही करणार?"

मी म्हणालो, "करणार."

पुढच्या रविवारी सभा झाली. सातवी सही माझी. माझ्यानंतर आणखी दोघांनी केली, ते कोणीतरी सातवे होण्याची वाट पाहत होते असे दिसले. मी सहीपूर्वी तीन मागण्या लेखी दिल्या. नावाची अक्षरे, जिन्यातील लादी आणि प्रवेशद्वारावरील तोरण काढून नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात बसवावे. विकासकाने हसतमुखाने मान्य केले. इतक्या सहजपणे मान्य केले की मला त्याची काळजी वाटली, म्हणून मी ते करारात घालावयास लावले आहे. वकील म्हणाले, असे कलम त्यांनी कधी लिहिले नव्हते. मोझॅक फोडल्याशिवाय निघत नाही, असे एका कारागिराने मला नंतर सांगितले. लादी मात्र निघते, खालचा चुना भिजवून सावकाश उचलली तर. तो माणूस मी ठरवून ठेवला आहे.

ज्यांच्या कुटुंबांची जुहू, पार्ले, घाटकोपर किंवा मुलुंड येथे अशी घरे आहेत, त्यांना एक सुचवितो. पाडण्याचा निर्णय झालाच असला, तरी आधी एखाद्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यास बोलवा आणि चार दिवस मोकळे फिरू द्या. त्याला शिडी द्या, दुपारचे जेवण द्या. मापे राहतात.

नातीने दहा दिवस माझ्याशी भाषण केले नाही. अकराव्या दिवशी तिच्या आराखड्यांचे छायाचित्र फोनवर आले. समोरचा देखावा, छेद, जिन्याची काचपट्टी, छज्जाची पापणी, आजीच्या नावाची बिनरेघेची अक्षरे, सारे बारीक रेघांत. खाली एकच ओळ होती. 'आजोबा, भिंतीला रंग द्यायचा आहे. हिरवा कोणत्या आकड्याचा?'

मी तिने पाठविलेला गिलाव्याचा तुकडा यंत्राच्या भिंगाखाली धरला. यंत्राने आकडा दिला, डबा तयार झाला, पुठ्ठ्यावर हात मारून पाहिला. तो हिरवा नव्हे. फार गुळगुळीत, दंतमंजनाच्या जाहिरातीतल्यासारखा. दुसऱ्यांदा पिवळा वाढविला, तो आंबट झाला. मग दुकान बंद झाल्यावर मी पाठीमागच्या खोलीत गेलो. तेथे पांढऱ्या सिमेंटची अर्धी गोणी होती आणि वरच्या फळीवर क्रोमच्या हिरव्याचा एक जुना डबा, ज्याला आता कोणी विचारीत नाही. चाळलेली रेती, सिमेंट आणि चमचाभर भुकटी कोरडीच कालवली, मग पाणी घातले. ओला असताना रंग फार गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, हे आजोबांनीच शिकविले होते. म्हणून अंदाजापेक्षा थोडे अधिक घालावयाचे आणि मग धीर धरावयाचा. एका फुटक्या लादीवर थापी फिरवून मी ते मिश्रण खिडकीत वाळत ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते शेवाळी दिसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, ते पिस्ता झाले होते. फोटोत हा हिरवा नीट उतरत नाही, म्हणून मी तिला फोटो पाठविला नाही. लादी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. ती रविवारी येणार आहे.